पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणती? जिच्यावर घरच्यासारखं भांडता येईल ती

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "गावात दहा-बारा जण मिळून वाचनकट्टा सुरू करतोय. दोन निवृत्त गुरुजी, चार-पाच गृहिणी, कॉलेजची तीन मुलं, आणि बँकेतले एक कन्नड घरचे साहेब. ते मराठी छान बोलतात, वाचायला मात्र वेळ लागतो. पहिलं पुस्तक ऐतिहासिक कादंबरी असावी एवढं ठरलंय. 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय' आणि 'पानिपत' अशी तीन नावं पुढे आलीत. यातली सगळ्यात चांगली कोणती? श्रावणात सुरुवात करायची आहे."

ताई, आधी 'मृत्युंजय' बाजूला काढूया. पुस्तकात काही उणं आहे म्हणून नाही. ती कर्णाची गोष्ट, म्हणजे पौराणिक कादंबरी. इतिहासावरच्या कादंबरीत "हे खरंच असं झालं का?" असं कुणीतरी विचारतं आणि दुसरा कुणी कपाटातून जाडजूड ग्रंथ काढून आणतो. कर्णासाठी कुठला कागद काढणार? ऐतिहासिकच घ्यायची असं ठरलं असेल तर ही गंमत घालवू नका. कर्ण पुढच्या वर्षीही भेटेल.

आता राहिला "सगळ्यात चांगली कोणती" हा प्रश्न. तो खरं म्हणजे आरामखुर्चीत एकट्याने वाचणाऱ्याचा आहे. कट्ट्याची अडचण वेगळी असते. दहा जणांतले निदान सात जण शेवटच्या पानापर्यंत पोचतील, आणि पोचल्यावर त्यांचं एकमत होणार नाही, असं पुस्तक कट्ट्याला हवं असतं. मी बेळगावात 31 वर्षं ग्रंथपाल होते आणि 16 वर्षं एक कट्टा चालवते आहे. लोकांनी घरी नेऊन छातीशी धरलेली कितीतरी पुस्तकं कट्ट्यावर आणली की आडवी पडतात, हे मी पाहिलंय.

आमची सुरुवात 'श्रीमान योगी'नेच झाली होती. उत्साह एवढा, की आम्ही अकरा जणांनी पाच प्रती गोळा केल्या. हजाराच्या वर पानं. तीन महिन्यांनी शेवटची बैठक ठेवली तेव्हा पुस्तक पुरं केलेले चौघं होते, त्यांतली एक मी. पण खरी फजिती पुढेच झाली. चर्चा बारा मिनिटांत संपली. प्रत्येकाने आपला आवडता प्रसंग सांगितला, दोघांचे डोळे भरून आले, एका काकांनी घोषणा दिली आणि चहा आला. संध्याकाळ छान गेली, नाही म्हणत नाही. पण शिवाजी महाराजांबद्दल त्या खोलीत कुणाचं काही वेगळं म्हणणंच नव्हतं. हात जोडलेले असले की वाद घालायला हात मोकळे राहत नाहीत.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, तो उघड बोललेला बरा. इथे मराठी पुस्तक हातात धरणं ही नुसती वाचनाची गोष्ट राहत नाही. दुकानाच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत भाषेचा प्रश्न रोज समोर उभा असतो, त्यामुळे कट्ट्यावरही माणसं नकळत आपलेपणाचा दाखला द्यायला बसतात. मग तुमचे बँकेतले साहेब कोपऱ्यात पाहुण्यासारखे बसतील, चहा चांगला झाला म्हणतील आणि दुसऱ्या बैठकीला त्यांना अचानक ऑडिट निघेल.

आमच्याकडे हे झालेलं आहे. त्या शेवटच्या बैठकीआधीच्या एका चर्चेत एका कन्नड घरच्या बाईंनी बेलवडीचा विषय काढला. बेलवडी म्हणजे आपल्या बैलहोंगल तालुक्यातलीच. दक्षिणेच्या स्वारीहून परतताना, 1678 च्या सुमाराला, मराठी फौजेने तिथल्या गढीला वेढा घातला आणि एका बाईने ती गढी कित्येक दिवस लढवली. आपल्या बखरींकडून आलेल्या हकिकतीत तिचं नाव सावित्रीबाई, कन्नड परंपरेत ती बेलवडी मल्लम्मा. त्या बाईंनी साधा प्रश्न विचारला होता, की ही तुमच्या पुस्तकात कशी आलीय? खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. प्रश्न अगदी योग्य होता. आम्हीच तेव्हा एवढे जुने झालो नव्हतो की तो पेलावा. आज तोच प्रश्न निघाला तर दोन तास पुरत नाहीत, पण मधे काही वर्षं गेली आहेत.

म्हणून 'श्रीमान योगी' वाचायची नाही असं नाही, पहिली नको. आणि घ्याल तेव्हा एक करा. तिला नरहर कुरुंदकरांची मोठी प्रस्तावना आहे. एक अख्खी बैठक फक्त त्या प्रस्तावनेवर घ्या. देवाला हात न लावता माणूस कसा बघायचा, याचा तो धडाच आहे, आणि गुरुजी मंडळी त्यावर खूश होतील.

मग पहिली कोणती? माझं उत्तर तुमच्या यादीत नाही. रणजित देसाईंचीच, पण 'स्वामी'.

ती 1962 ची, थोरल्या माधवरावांवरची, आणि 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. पण मी पुरस्कार बघून सांगत नाहीये. पहिलं कारण अगदी घरगुती आहे: ती 'श्रीमान योगी'च्या निम्म्याहून लहान आहे आणि संवादांनी भरलेली आहे. संवाद असले की हळू वाचणारा माणूसही पान उलटत जातो. तुमच्या कॉलेजच्या मुलांपैकी कुणी इंग्रजी किंवा कन्नड माध्यमातलं असेल, तर देवनागरीचा सलग मोठा परिच्छेद दिसला की त्यांचा जीव दडपतो, हे मी ग्रंथालयाच्या काउंटरवरून वर्षानुवर्षं पाहिलंय. कबूल कोणी करत नाही. पुस्तक फक्त मुदतीआधी परत येतं.

शब्दांची भीती मात्र बाळगू नका. पेशवाईतले मसलत, खलिता, शिरस्ता, हुजूर हे शब्द मुलांना अडतील असं तुम्हाला वाटेल. अडतात. पण आमच्याकडे ते सांगितले कुणी? एका कन्नड घरच्या निवृत्त तलाठ्यांनी! शिरस्तेदार, जमाबंदी, कचेरी हे शब्द त्यांच्या रोजच्या कन्नडात होतेच. पुण्याहून शिकून आलेल्या इंजिनिअर मुलाला ते समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्यानंतर ते एकही बैठक चुकले नाहीत. तुमच्या साहेबांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा.

दुसरं कारण महत्त्वाचं. माधवरावांबद्दल आदर असूनही त्यांच्यावर वाद घालता येतो. पानिपतानंतर वडील गेले, 1761 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर आली, घर कर्जात बुडालेलं, आणि शेजारी सख्खा काका, राघोबादादा, ज्याला वाटतं की कारभार आपल्याकडे हवा होता. 1762 मध्ये प्रकरण हातघाईवर आलं. घोडनदीच्या लढाईत पुतण्याची बाजू खाली गेली आणि आलेगावला माधवराव स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. घरातल्या भांडणात राज्य बुडू नये म्हणून. पुढे सहा वर्षांनी धोडपला त्याच काकांना हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावं लागलं.

आता मला सांगा, आपल्या भागात भाऊबंदकी न पाहिलेलं घर कुठलं? आमची ती बैठक साडेतीन तास चालली. एका वहिनींनी सांगितलं की माधवरावांनी आलेगावला नमतं घेतलं हीच चूक, तिथेच निकाल लावला असता तर पुढची सहा वर्षं वाया गेली नसती. त्यांचा आवाज चढला होता. नंतर कळलं की त्यांच्या घरी बारा वर्षं वाटणीचा दावा चालू होता आणि त्यांच्या यजमानांनी दरवेळी "काकाच ना" म्हणून माघार घेतलेली होती. समोर बसलेले आमचे एक अण्णा, ज्यांनी स्वतःच्या पुतण्यांना शेत लिहून दिलं होतं, ते राघोबादादांची बाजू मांडत होते. पुण्याच्या पेशव्यांवरून येळ्ळूरचं शेत कधी सुरू झालं ते कुणाला कळलं नाही. कादंबरी वाचून असं झालं तर समजावं, पुस्तक बरोबर निवडलं.

तिसरी गोष्ट शेवटाची. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वय 27. रमाबाई सती गेल्या. कादंबरीत हा भाग इतका हळुवार लिहिलाय की आमच्या निम्म्या लोकांना तो फार आवडला आणि उरलेल्या निम्म्या त्याच कारणाने चिडल्या. "उरलेल्या निम्म्या" हे मी स्त्रीलिंगी मुद्दाम लिहितेय. सती जाण्याला एवढं सुंदर का करायचं, असं एका तरुण मुलीने विचारलं. एका आजींनी तिला उत्तर दिलं, ते मी इथे सांगणार नाही, कारण तुमच्याकडच्या आजी काय म्हणतात ते तुम्हीच ऐकलं पाहिजे. या बैठकीला पुरुष मंडळींना आधी सांगून ठेवा: पहिला अर्धा तास ऐकायचं.

आणि सीमाभागात 'स्वामी' वाचताना एक जास्तीचा धागा हाती लागतो. माधवरावांनी हैदरअलीवर कर्नाटकात एकामागून एक स्वाऱ्या केल्या. धारवाड, सावनूर हा सगळा टापू त्या फौजांनी तुडवलेला. पुण्याला बसून वाचणाऱ्याला ते नकाशावरचं नाव असतं, आपल्याला एसटीच्या पाटीवरचं. तुमच्या साहेबांना विचारा, त्यांच्याकडच्या गोष्टींत मराठी फौज कशी दिसते. उत्तर गोड असेलच असं नाही. पण इथे लढणारे पेशवे आणि हैदर आहेत, खोलीतलं कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं नाही, त्यामुळे ते ऐकून घेता येतं. बेलवडीपर्यंत पोचायचं असेल तर वाट या बाजूने सोपी पडते.

देसाई आपल्या शेजारचेच, हेही मुलांना सांगा. कोवाड चंदगड तालुक्यातलं, बेळगावहून गाडीने तासाभरावर. हद्द महाराष्ट्राची असली तरी बाजार बेळगावचा.

'पानिपत' कुठे बसवायचं? दुसऱ्या क्रमांकावर, आणि वेळ साधून. विश्वास पाटलांची ही कादंबरी 1988 ची, जाड आहे, पण पळवते. भांडायला विषय भरपूर: यात्रेकरू आणि कुटुंबकबिला सोबत नेला ते कुणाच्या सल्ल्याने, सूरजमल जाट का निघून गेला, मल्हारराव होळकर रणातून बाहेर पडले ते शहाणपण की आणखी काही, इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत का थांबला. दिवाळीनंतर सुरू करा. मधे भाताची सुगी येते, तेव्हा कुणी वाचणार नाही, हे धरून चाला. शेवटची बैठक संक्रांतीच्या आठवड्यात ठेवा. लढाई 14 जानेवारी 1761 ची. आम्ही तिळगूळ वाटून बैठक सुरू केली आणि नंतर कुणाला गोड बोलवेना. या वेळी एकाने इतिहासकार शेजवलकरांचं 'पानिपत' आणि जमलं तर सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'तला तेवढा भाग वाचून यावा. कादंबरीकाराने कुठे रंग भरला आणि कुठे कागदाला धरून राहिला, हे शोधण्यात गुरुजींचे दिवस मजेत जातील. मात्र असं शोधणाऱ्याला बैठकीत शेवटी बोलायला द्या. सुरुवातीलाच "हे खोटं आहे" असं कुणी म्हटलं की गृहिणी गप्प होतात. मी पाहिलंय.

इथे कालक्रमाचा आक्षेप येईल. पानिपत आधी झालं, माधवराव नंतर, मग उलटं का वाचायचं? कारण 'स्वामी'तल्या पोराच्या डोक्यावरचं कर्ज आधी बघितलं की ते कुठून आलं, हे जाणून घ्यायची ओढ लागते. शिवाय दुसऱ्या पुस्तकापर्यंत टिकलेली माणसं जाड पुस्तकाला घाबरत नाहीत.

कन्नड कादंबरी घ्यायची का, हे तुम्ही विचारलं नाही, पण साहेब आहेत म्हणून सांगते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला जरूर घ्या. माझी निवड मास्ती वेंकटेश अय्यंगारांची 'चिक्कवीर राजेंद्र'. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, शेवटच्या राजाची गोष्ट आहे. राजा नालायक, भोवतीचे काही लोक चांगले, आणि कंपनी सरकार टपून बसलेलं. 1834 मध्ये कोडगू खालसा झालं. ज्यांच्या अंगणात कित्तूर आहे, 1824 ची राणी चन्नम्मा आहे, नंदगडला फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटूच शकत नाही. फरक एवढाच की इथे अभिमान धरायला नायक मिळत नाही, आणि कट्ट्याला तेच मानवतं. मास्तींना 1983 चा ज्ञानपीठ याच पुस्तकासाठी मिळाला. वाचायचं कसं? मूळ कन्नड वाचणारे दोघं-तिघं, इंग्रजी अनुवाद वाचणारी मुलं, आणि बाकीच्यांना साहेबांनी प्रकरणागणिक गोष्ट सांगायची. आमच्याकडे असं सांगणं दोन बैठका चाललं आणि वाचलेल्यांपेक्षा ऐकलेल्यांनी जास्त प्रश्न विचारले. कन्नड कादंबरीकार त.रा.सुंची 'दुर्गास्तमान', चित्रदुर्गाच्या मदकरी नायकावरची, तीही अशीच सांगता येईल, पण ती मोठी आहे.

भैरप्पांचं 'आवरण' कुणीतरी नक्की सुचवेल. उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद सहज मिळतो, त्या मूळच्या बेळगावच्याच. पुस्तक भांडणं लावणारं आहे यात शंका नाही. पण ते भांडण आजचं असतं, आणि एकमेकांची घरं, सणवार, दुखणीखुपणी माहीत झाल्याशिवाय त्यात पडू नये. निदान वर्षभर थांबा.

आणि ताई, तुम्ही खानापूरच्या आहात तर एक गोष्ट तुमच्या कट्ट्याला माहीत असायलाच हवी. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड', 1871 ची. ती लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर जन्मले ते जांबोटीला. चोर्ला घाटाने गोव्याला जाताना आपण चहाला थांबतो तीच जांबोटी. माझ्या पाहण्यात तिथल्या कित्येकांना हे ठाऊक नाही. पहिलं पुस्तक म्हणून 'मोचनगड' घेऊ नका, दीडशे वर्षांपूर्वीचं मराठी आहे, मुलं पळतील. पण एखाद्या बैठकीत गुरुजींनी त्यातली चार-पाच पानं मोठ्याने वाचावीत, आणि पाऊस ओसरल्यावर ती बैठक जांबोटीलाच भरवावी.

आता थोडं व्यवहाराचं, भराभर. श्रावणात सुरुवात म्हणताय ते उत्तम, रोप लावणी आटोपलेली असते. 'स्वामी'चे तीन भाग करा, नवरात्रापर्यंत तीन बैठका. दहा जणांना चार प्रती पुरतात, दोन विकत, दोन ग्रंथालयातून. मात्र वेगवेगळ्या आवृत्त्यांत पानं जुळत नाहीत, म्हणून "अमुक पानापर्यंत वाचा" असं सांगू नका, प्रसंगाचं नाव सांगा. आमचा पहिला महिना याच गोंधळात गेला. ज्यांची नजर अधू झालीय त्यांना घरातल्या नातवंडाने वाचून दाखवावं. एक आजी अशा तऱ्हेने आल्या आणि तीन महिन्यांनी तो नातूच कट्ट्याचा सभासद झाला. ज्यांचं वाचून झालं नाही त्यांनाही बैठकीला येऊ द्या, फक्त शेवट आधी कळल्याची तक्रार चालणार नाही असं बजावून ठेवा. माधवराव गेले हे तसंही सगळ्यांना माहीत आहे.

एवढं सगळं सांगूनही तुमच्या गावातलं गणित वेगळं असू शकतं. तुमच्या दहा जणांत सहा जणांनी 'स्वामी' आधीच वाचली असेल, तर मी ना. सं. इनामदारांची 'झुंज' सुचवेन. यशवंतराव होळकर हा असा माणूस आहे की त्याच्यावर कुणी पटकन शिक्का मारू शकत नाही. आणि गुरुजी हटूनच बसले, 'श्रीमान योगी'च पाहिजे म्हणाले, तर घ्या बापडे. पहिल्याच बैठकीला दोन थोरांना नाराज करून कट्टा चालत नाही. मग निदान ती वर्षभरात पसरा आणि मधे एखादं पातळ पुस्तक ठेवा.

'स्वामी' घेतलीत, तर पहिल्या बैठकीत "पुस्तक कसं वाटलं?" असं विचारू नका. सगळे "छान" म्हणतात आणि विषय संपतो. एकच प्रश्न ठेवा: आलेगावला काकांच्या स्वाधीन झाले, ते माधवरावांनी बरोबर केलं का? आणि पहिलं बोलणं बँकेच्या साहेबांना द्या. त्यांच्या घरीही काका असतीलच.